कार्डाचा कूलर चांगला की वाईट, हे घरच्या घरी कसं मोजायचं

नागपुरात ‘कूलर’ म्हटलं की पत्र्याची पेटीच आठवते. तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आत गुरगुरणारा पंप. मार्च संपता संपता तो माळ्यावरून उतरवायचा, ताट्या बदलायच्या, आणि मग पाऊस लागेपर्यंत त्याच्या तोंडापुढची जागा कोणाची यावर घरात भांडायचं. म्हणून २०२३ च्या मे महिन्यात मी भाच्याला म्हटलं, ‘‘कूलर उघडावा लागेल बे,’’ तर तो बिचारा टाकी रिकामी करायला बादली घेऊन आला. मी बोलत होतो कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डाच्या, म्हणजे चित्रं आणि व्हिडिओचं काम करणाऱ्या कार्डाच्या, कूलरबद्दल.

धंदा माझा लग्नाच्या व्हिडिओंचा. शूटिंग दुसरे करतात, मी एडिटिंग आणि रंगकाम करून देतो. मानेवाड्यातल्या घराची वरची खोली हेच ऑफिस. वर उघडा स्लॅब, म्हणजे मे महिन्यात संध्याकाळी सातला भिंतीला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा वाटतो. कार्ड आहे एनव्हिडियाच्या चिपचं, ३०६० टीआय, जुनं घेतलेलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाची मायनिंगची, म्हणजे कार्डांना गणितं करायला लावून ते चलन कमावायची, पद्धतच बंद झाली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं विकायला निघाली, त्यातलंच हे एक. नोव्हेंबरात २२ हजारांना मिळालं. दोन पंख्यांचं, स्वस्तातलं मॉडेल. थंडीत बसवलं, छान चाललं, म्हणून हौस सुचली. ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे कार्डाला कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलं. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या प्रोग्राममध्ये क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, १०० मेगाहर्ट्झने वाढवला, मेमरीचा ५०० ने, पॉवर लिमिट (वीज खायची मर्यादा) वर ढकललं. तापमानाची मर्यादा कंपनीने ८३ ला ठेवलेली असते, तीही ९० केली. जानेवारीत कार्ड ७१-७२ वर राहायचं. मी खूश.

मेमध्ये, ऐन सीझनला, रात्री अकराला रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं) अर्ध्यावर असताना स्क्रीन काळी झाली आणि कार्डाचे दोन्ही पंखे जीव खाऊन फिरायला लागले. भाचा सुट्टीला आलेला. ‘‘मामा, गेलं का जी कार्ड?’’

गेलं नव्हतं. पण त्या आठवड्यात मला कळलं की जानेवारीतलं ७२ आणि मेमधलं ८७ हे एकाच कार्डाचे आकडे आहेत, आणि कार्डात नवीन काहीच बिघडलेलं नाही. आजार जानेवारीतही होता. थंडीने तो झाकून ठेवला होता.

आधी वही काढा

लोक विचारतात, ‘‘माझं कार्ड ८० ला जातं, चालेल का?’’ या प्रश्नाला उत्तर नाही. महाबळेश्वरात ८० आणि चंद्रपुरात ८० यात फरक आहे. कूलर हवेत उष्णता टाकतो, त्यामुळे त्याचं सगळं काम खोलीच्या हवेपासून सुरू होतं. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही साधारण दहा अंशांनी वर जातं. तेव्हा लिहायचं ते अंतर: कार्ड वजा खोली. आणि ते अंतर किती वॅट विजेवर पडलं, तेही. अंतराला वॅटने भागलं की एका वॅटमागे किती अंश चढले ते मिळतं. हा आकडा म्हणजे तुमच्या कूलरची गुणपत्रिका. कमी तितका चांगला. खोक्यावर काय छापलंय, किती दिवे चमकतात, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मोजायची रीत अशी. घड्याळासोबत मिळतो तसला साधा डिजिटल थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला ठेवा, जिथून हवा आत जाते तिथे. मागे ठेवलात तर कार्डानेच तापवलेली हवा मोजाल. हार्डवेअर इन्फो किंवा जीपीयू-झेड, म्हणजे कार्डाचं तापमान आणि वॅट दाखवणारा प्रोग्राम, सुरू करा. आफ्टरबर्नरमध्ये पंख्याचा वेग एका ठिकाणी बांधून टाका. मी ७५ टक्के ठेवतो. हे विसरलात तर सगळं मुसळ केरात, कारण ऑटोवर ठेवलेला पंखा कार्ड तापलं की आपोआप जोर लावतो आणि कूलरची कमजोरी लपवतो. मग पूर्ण ताण द्या. युनिजिनचा सुपरपोझिशन टेस्ट फिरवत ठेवा, किंवा माझ्यासारखं खरं रेंडर लावा. गेमने मोजणार असाल तर व्ही-सिंक (कार्डाला स्क्रीनच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद करा, नाहीतर कार्ड अर्धा वेळ आराम करतं. वीस मिनिटांनी आकडे स्थिर झाले की चार गोष्टी उतरवा: खोली, वॅट, कार्ड, हॉटस्पॉट.

हॉटस्पॉट म्हणजे चिपवरच्या अनेक सेन्सरांपैकी सर्वांत तापलेल्या जागेचा आकडा. एनव्हिडियाच्या ५० सीरिजच्या कार्डांत तो दिसत नाही, त्याआधीच्यांत दिसतो. एएमडीची कार्डं वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: ६००० सीरिजपर्यंतची कार्डं पूर्ण बोर्डाची वीज न दाखवता फक्त चिपकडची दाखवतात. त्यामुळे तुमचा आकडा शेजाऱ्याच्या एनव्हिडियाच्या आकड्याला लावून बघू नका, स्वतःच्याच जुन्या आकड्याला लावा.

माझ्या वहीतली पहिली ओळ अशी आहे: खोली ३८, वॅट २१२, कार्ड ८७, हॉटस्पॉट ११०. म्हणजे अंतर ४९, भागिले २१२, आले ०.२३. आता जानेवारीची खोली २२ धरा. २२ अधिक ४९ म्हणजे ७१. तंतोतंत तेच, जे बघून मी खूश होतो.

त्याच आठवड्यात एका मित्राचं कार्ड घरी आणून लावलं. चिप तीच, पण तीन पंख्यांचं, जाडजूड मॉडेल. त्याच खोलीत, तितक्याच वॅटवर, पंखे ७५ टक्क्यांवरच. कार्ड ७०. अंतर ३२, म्हणजे ०.१५. दोन्ही खोक्यांवर चिपचं नाव एकच आणि मधे १७ अंशांचा फरक. तेव्हा मला समजलं की मी २२ हजारांत चिप घेतली होती, कूलर घेतलाच नव्हता.

आकडा काय सांगतो

आकडा वाईट आला म्हणून लगेच पेचकस हातात घेऊ नका. आधी कॅबिनेटची बाजूची प्लेट काढा आणि पुन्हा वीस मिनिटं मोजा. पाच-सहा अंश किंवा जास्त उतरले, तर दोष कार्डाचा नाही, डब्याचा आहे. पुढे सपाट काच लावलेली, दिव्यांची कॅबिनेटं दिसायला देखणी असतात आणि आत हवा यायला बोटभर फट असते. अशा डब्यात तुम्ही कार्डाला स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा पाजत असता. पुढे एक हवा आत घेणारा आणि मागे एक बाहेर टाकणारा पंखा, एवढ्यानेही खूप फरक पडतो. माझ्याकडे प्लेट काढून तीनच अंश उतरले. म्हणजे दुखणं आत होतं.

मग हॉटस्पॉट आणि कार्ड यांच्यातलं अंतर बघा. दहा ते पंधरा असेल तर चिप आणि कूलर यांचं नीट जमतंय. वीसच्या वर गेलं की चिप आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून न्यायला लावलेली पेस्ट संपली आहे किंवा कूलर चिपवर नीट टेकलेला नाही, असा संशय घ्यायचा. माझं २३ होतं.

तिसरी शक्यता सगळ्यात वाईट. हॉटस्पॉटचं अंतर बारा, प्लेट काढूनही फरक नाही, पंखे ठणठणीत, आणि तरी एका वॅटमागचा आकडा मोठा. म्हणजे कूलर जेवढा आहे तेवढाच आहे. त्याला पेस्ट बदलून काही होणार नाही. वीजच कमी करावी लागेल. त्याबद्दल पुढे.

आणि पंखे. टॉर्च लावून बघा, दोन्ही फिरतात का. हसू नका. माझ्याकडे एक जण ‘कार्ड तापतं’ म्हणून घेऊन आला, त्याच्या दोनपैकी एका पंख्यात वायर अडकून तो चार महिने उभाच होता.

एवढीशी चिप, एवढी उष्णता

३०६० टीआयच्या चिपचं क्षेत्रफळ साधारण ३९० चौरस मिलिमीटर, म्हणजे चार चौरस सेंटिमीटरला थोडं कमी. कार्ड कंपनीच्या हिशोबाने २०० वॅट खातं. त्यातले मेमरी आणि बाकीचे भाग वगळले तरी चिपच्या वाट्याला १४० धरायला हरकत नाही. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३५ वॅट. घरची १००० वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ २०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे ५ वॅट. इस्त्रीच्या सातपट दाट उष्णता, आणि ती ८० अंशांच्या आत ठेवायची.

म्हणून चिपला टेकलेला भाग तांब्याचा असावा लागतो. तांबं ॲल्युमिनियमच्या जवळजवळ दुप्पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्या तांब्यातून हीटपाइप निघतात. आतून पोकळ नळ्या, त्यांत थोडंसं पाणी आणि हवा काढून घेतलेली. दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं, वाफ थंड टोकाकडे पळते, तिथे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. मग ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, आणि त्यांवर पंखे. आमच्या वाळ्याच्या कूलरचाच चुलत भाऊ म्हणा, फक्त याचं पाणी कधी भरावं लागत नाही.

पैसे वाचवायला कंपन्या कात्री लावतात ती इथेच. नळ्या पाचाच्या तीन होतात. तांब्याचा सपाट तळ जाऊन नळ्याच घासून चिपवर टेकवतात, मधल्या फटींत पेस्ट भरलेली. पट्ट्यांचा गठ्ठा बारीक होतो, पण प्लास्टिकचं आवरण तेवढंच मोठं राहतं, म्हणून बाहेरून काही कळत नाही. मेमरीच्या काही चिपांना कूलर टेकतच नाही. नवं कार्ड घेताना मी बाजूने टॉर्च मारून नळ्या मोजतो आणि कार्ड हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतो. दुकानदार बघत राहतो, बघू दे. बर्डीच्या बाजारात मला आता ‘कांदे-बटाटेवाला’ म्हणतात.

खोक्यावरच्या ‘ओसी’ (ओव्हरक्लॉक) या दोन अक्षरांसाठी मात्र एक पैसा जास्त देऊ नका. तो क्लॉक बहुतेक वेळा दोन-तीन टक्क्यांनी वर नेलेला असतो, तेवढं तुम्ही स्वतः अर्ध्या मिनिटात करू शकता. द्यायचेच असतील तर जाड हीटसिंकसाठी, म्हणजे नळ्या-पट्ट्यांच्या गठ्ठ्यासाठी, द्या.

धूळ, आणि आपला दुसरा कूलर

विदर्भातल्या वाचकांसाठी हा वेगळा परिच्छेद. उन्हाळ्यात पाण्याचा कूलर खोली थंड करतो, म्हणून कार्डालाही फायदाच होतो. माझ्याकडे तो चालू असला की खोली ३८ ची ३० होते, आणि कार्डही तेवढंच उतरतं. ओलाव्याने आत दव धरेल ही भीती नको. दव थंड वस्तूवर धरतं, कार्ड हवेपेक्षा गरमच असतं. खरा त्रास दुसरा. कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवलं की बारीक तुषार आणि धूळ मिळून पट्ट्यांमध्ये लेप बसतो, आणि बोअरचं पाणी असेल तर पांढरा क्षारही. वाळल्यावर तो ब्लोअरने निघत नाही. कॅबिनेट झोताच्या बाजूला ठेवा, समोर नको. आणि ओल्या हाताने मागच्या वायरींना हात लावू नका. प्लग काढून मगच काम.

सुकी धूळ हाताच्या ब्लोअरने उडवा, पण पंख्याची पाती बोटाने धरून. मोकळा पंखा हवेच्या जोराने गरगर फिरला की बेअरिंगचं वाटोळं होतं. टायरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरवर नेऊ नका, त्याच्या हवेत पाणी असतं. लेपासाठी रंगाचा मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे ‘आयपीए’ म्हणून मागितलं की मिळतं, ९९ टक्क्यांचं घ्या. सॅनिटायझर चालत नाही, त्यात चिकट पदार्थ असतात.

पेस्ट बदलणं, आणि मी केलेली चूक

वॉरंटी असेल तर आधी अटी वाचा. काही ठिकाणी स्क्रूवरचा स्टिकर फाटला की हात वर करतात. माझ्या कार्डाची वॉरंटी केव्हाच संपलेली, त्यामुळे मी मोकळा होतो.

सुरुवातीला पाच मिनिटं कार्ड चालवून किंचित गरम करा, पेस्ट सैल होते. मग बंद करून, प्लग काढून, कार्ड बाहेर. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज जाईल. चिपच्या मागच्या बाजूला स्प्रिंग लावलेले चार स्क्रू असतात, ते कर्णरेषेने थोडे थोडे सैल करायचे. कूलर सरळ वर ओढू नका. हळूच डावी-उजवीकडे पिळा, सुटतो. सुटला की लगेच उचलू नका, पंख्याची बारीक वायर बोर्डाला जोडलेली असते. ती काढायला माझी जाड बोटं कामाची नाहीत. भाच्याने नखाने काढली. त्या दिवशी तो पहिल्यांदा उपयोगाला आला.

आत जे दिसलं ते बघून आकडे कळले. चिपच्या मधोमध पेस्ट जवळजवळ नव्हतीच, कडेला तिचे वळ जमले होते. चिप तापली-निवली की पृष्ठभाग किंचित वाकतो, आणि प्रत्येक वेळी मधली पेस्ट थोडी थोडी बाहेर ढकलली जाते. हजारो फेऱ्यांनंतर मध्यभाग कोरडा. मेमरीवरचे पॅड (मेमरीची उष्णता कूलरला देणारे मऊ तुकडे) तेल सोडून चिवट झाले होते. मायनिंगमध्ये मेमरीच रात्रंदिवस राबते.

पेस्ट निवडताना पातळ, वाहणारी घेऊ नका. उघड्या चिपवर ती लवकर बाहेर जाते. घट्ट घ्या आणि जुन्या एटीएम कार्डाने पूर्ण चिपवर एकसारखी पसरा. प्रोसेसरवर मधे एक थेंब टाकून चालतं, कारण वर धातूचं झाकण असतं. इथे कोपरा कोरडा राहिला की तिथेच हॉटस्पॉट. पुन्हा पुन्हा उघडायची इच्छा नसेल तर हनीवेलची पीटीएम ७९५० ही पत्री लावा. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होते, निवली की घट्ट, त्यामुळे बाहेर ढकलली जात नाही. मापाने कापण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर वरचा कागद निघताना पत्रीच फाटते. पहिल्या दिवशी आकडे थोडे जास्त दिसतील. काही वेळा तापली-निवली की बसते. नकली माल बराच फिरतोय, तेव्हा ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

आता पॅड. इथे मी आपटलो. विकणाऱ्याने सांगितलं, ‘‘दीड मिलिमीटर सगळ्यांना चालतात,’’ आणि मी मान डोलावली. लावले, कूलर कसला, चालू केलं. एका मिनिटात हॉटस्पॉट १०५, आणि कार्ड ७८. आधीपेक्षाही वाईट! झालं असं की मूळ पॅड एक मिलिमीटरचे होते. जाड पॅडांनी कूलर मेमरीवर तोलून धरला आणि चिपवर तो धड टेकलाच नाही. शेतातल्या पंपाखाली फळीचा तुकडा जास्त गेला की पंप डुलतो, तसं. जुना पॅड दाबून बसलेला असतो, म्हणून त्याची जाडी मोजूनही फसायला होतं. दाब न पडलेला कडेचा तुकडा मोजा. आणि लावल्यावर एकदा कूलर कसून लगेच उघडून ठसा बघा. चिपवर पेस्ट पातळ आणि एकसारखी पसरली असेल आणि प्रत्येक पॅडवर मेमरीचा चौकोन उमटला असेल, तर बरोबर. हा पाच मिनिटांचा तपास मी आता कधीच चुकवत नाही.

एक मिलिमीटरचे पॅड आणून पुन्हा बसवलं. वहीतली दुसरी ओळ: खोली ३७, वॅट २१२, कार्ड ७९, हॉटस्पॉट ९२. अंतर ४२, आकडा ०.२०, आणि हॉटस्पॉट १३ वर. म्हणजे पेस्टचा आजार बरा झाला. पण ०.२० चा ०.१५ कधी होणार नव्हता. तो फरक तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा होता.

वीज कमी करा, वेग तोच ठेवा

इथे ओव्हरक्लॉकवाल्यांना राग येईल. मलाही आला होता.

चिपची वीज क्लॉकच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. म्हणजे क्लॉक पाच टक्के वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागलं तर वीज पाचाच्या कितीतरी वर जाते. उलट बाजूने बघा: तोच क्लॉक १.०५ व्होल्टऐवजी ०.९ ला चालला, तर चिपचं ते बिल चौथाईहून जास्त घटतं. कंपनी प्रत्येक कार्डाला जरा जास्तच व्होल्टेज देऊन ठेवते, कारण तिला लाखो चिपांतली सर्वांत रडकी चिपही चालवायची असते. तुमची तेवढी रडकी असेलच असं नाही.

आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबा, कोणत्या व्होल्टेजला किती क्लॉक ते दाखवणारी वक्ररेषा उघडते. मुख्य खिडकीतला क्लॉकचा स्लायडर इतका खाली ओढा की सगळी रेषा १८७५ मेगाहर्ट्झच्या खाली जाईल. मग रेषेवर ९०० मिलिव्होल्टचा ठिपका शोधा, तो एकटा १८७५ वर उचला आणि ‘अप्लाय’ करा. त्यापुढची रेषा आपोआप सपाट होते. आता कार्ड ९०० मिलिव्होल्टच्या वर जाणार नाही. खरं काम देऊन तासभर बघा. अडकलं किंवा ड्रायव्हर (विंडोजमधून कार्ड चालवणारा प्रोग्राम) बंद पडला तर क्लॉक १५ ने उतरवा, पुन्हा. दोन-तीन दिवस विश्वास बसेपर्यंत ‘विंडोजसोबत सुरू’ ही खूण करू नका, नाहीतर चुकीची सेटिंग चालू होताच लागू होईल आणि तुम्ही सेफ मोड शोधत बसाल.

तिसरी ओळ: खोली ३८, वॅट १५८, कार्ड ७०, हॉटस्पॉट ८१. आकडा ०.२० च. कूलर तोच, पण त्याच्या डोक्यावरचं ओझं ५४ वॅटने उतरलं आणि मित्राच्या महागड्या कार्डाचं तापमान माझ्या कार्डाला मिळालं.

आणि वेग? एकाच लग्नाचं रेंडर दोन्ही प्रकारे लावलं. आधीच्या ओव्हरक्लॉकला १८ मिनिटं ४० सेकंद, आताला १८ मिनिटं ५५. पंधरा सेकंद! कारण असं की कार्ड तापत जातं तसा क्लॉक १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी स्वतःच खाली येतो. माझं १९५० वाचून मी मिशीला पीळ देत होतो, ते पहिल्या दोन मिनिटांचं होतं. पुढे ते १८६० वरच चालायचं. आता १८७५ ला सुरू होतं आणि १८७५ लाच संपतं.

यानंतर ओव्हरक्लॉक करायचाच असेल तर जरूर करा, पण क्रम हा: आधी गुणपत्रिका, मग पेस्ट आणि हवा, मग व्होल्टेज, आणि शेवटी क्लॉक. मेमरी वाढवताना १०० च्या पायऱ्यांनी जा आणि दर पायरीला तोच टेस्ट लावा. गुण वाढायचे थांबले किंवा उतरायला लागले की तिथून दोन पायऱ्या मागे या. स्क्रीनवर ठिपके, चौकटी दिसेपर्यंत थांबणं म्हणजे फारच उशीर. आणि ही सेटिंग मे महिन्यात लावा. डिसेंबरात लावलेला ओव्हरक्लॉक अक्षय तृतीयेला पडतो, हे मी ऐन सीझनमध्ये शिकलोय.

ज्यांचा कूलर खरंच पडेल आहे, त्यांच्यासाठी एक गावठी उपाय: प्लास्टिकचं आवरण आणि मूळ पंखे काढून हीटसिंकवर केबल टायने १२० मिलिमीटरचे दोन साधे कॅबिनेटचे पंखे बांधायचे. दिसतं बैलगाडीसारखं, पण मोठे पंखे कमी वेगात जास्त हवा देतात आणि आवाज निम्म्यावर येतो. हीटसिंकचा गठ्ठाच छोटा असेल तर यानेही फार हाती लागत नाही. मी एका मुलाच्या कार्डाला करून दिलं, सात अंश उतरले.

वहीत दर जानेवारी आणि दर मे अशी एक ओळ असते. आकडा ०.२० वरून ०.२३ कडे सरकला किंवा हॉटस्पॉटचं अंतर वीसकडे गेलं की पेस्ट आणायची. कालची ओळ: खोली ४१, कारण वाळ्याच्या कूलरचा पंप बसलाय, वॅट १५७, कार्ड ७४, हॉटस्पॉट ८६. म्हणजे ०.२१. पेस्ट अजून एक सीझन काढेल. डावा पंखा मात्र सुरू होताना करकरतो आहे, त्याच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर उतरवून घेतलाय आणि कनेक्टरच्या पिनाही मोजून ठेवल्यात. पंपासोबत तोही या रविवारी आणतो.